खोकल्याची उलटी तार

मी एक जुना खोकल्या आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पहिल्यांदा माझं नाव ऐकणारा प्रत्येक जण हसतो आणि मग विचारतो, हे काय असतं बुवा?

मित्रांनो, रेडिओवर बोलणाऱ्या माणसालाही तुमच्याआमच्यासारखाच घसा असतो. म्हणजे तुमच्यासारखा. मला घसा नाही. त्या माणसाला ठसका लागतो, शिंक येते, आणि सकाळी सकाळी जांभई तर हमखास येते. पण हवामान सांगता सांगता रेडिओवर कुणी खाकरलेलं तुम्ही कधी ऐकलंय? नाही ना? ती माझी कृपा. निवेदकाच्या टेबलावर, माइकच्या उजव्या अंगाला, लिमलेटच्या गोळीएवढं एक लाल बटण असतं. ते दाबून धरलं की माइक मुका. सोडलं की बोलका. बोलणाऱ्यानं दाबावं, पोटभर खोकावं आणि सोडावं. ऐकणाऱ्याला वाटतं, श्वास घेतला असेल. ते बटण म्हणजे मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलापाशी बसलेल्या बायका चिमट्यानं माझ्यासारख्यांच्या पोटात स्प्रिंगा बसवत होत्या. माझी स्प्रिंग बसवणारी बाई शेजारणीला मुलाच्या दाढदुखीची हकिकत सांगत होती. मी जगात ऐकलेली पहिली गोष्ट ती, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तेव्हाच कळायला हवं होतं की माझ्या नशिबात दुसऱ्यांच्या गोष्टी पोटात ठेवणं आहे.

पुढे एका यंत्रानं मला दोनशे वेळा दाबून पाहिलं. मी दोनशेच्या दोनशे वेळा वर आलो. मला वाटलं, आता आपण मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेशनात जाणार. मऊ गालिचा, थंडगार हवा, बड्या बड्या लोकांचे खोकले! प्रत्यक्षात आलो कुठे, तर एका छोट्या गावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, दोन खोल्या आणि एक स्टुडिओ. भिंतींना जाड कापड लावलेलं, भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे, आणि खिडकीतून दिसणारा नदीवरचा पूल. सकाळी सहाला खालून भाजल्या पावाचा वास यायचा. मी आधी नाक मुरडलं. मग त्या वासाशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटेना.

मला टेबलात बसवलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे स्टेशनचे तंत्रज्ञ. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कमी बोलणारे. पण त्यांचा एक नेम होता. कुठलीही तार जोडली, मग ती टीचभर का असेना, की ते माइकसमोर वाकून म्हणायचे, "हॅलो, हॅलो, बटाटा." बटाटाच का? तर ब आणि ट ही भांडखोर अक्षरं, माइकवर आदळतात आणि त्यातला दोष लगेच उघडा पाडतात. मला दाबून एकदा बटाटा, सोडून एकदा बटाटा. दाबलेला बटाटा ऐकू आला नाही आणि सोडलेला आला की अण्णा मान हलवायचे आणि पाना खिशात टाकायचे. हा बटाटा लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते.

एकोणीस वर्षांपूर्वी बाई आली. सकाळची निवेदिका. नुकतं लग्न झालेलं, आवाज गोड, पण पहिल्या दिवशी भीतीनं उचकी लागली. सात ते दहाच्या कार्यक्रमात तिनं मला त्रेचाळीस वेळा दाबलं. मी मोजलं. दहा वाजता लाल दिवा विझला तेव्हा ती मला म्हणाली, "वाचवलंस रे बाबा. तुझं नाव खोकल्या." त्या दिवसापासून मी बटण राहिलो नाही, खोकल्या झालो.

बाई काय सांगायची? जगाच्या बातम्या सांगायला दुसरे होते. बाई गावाचं सांगायची. पूल मोकळा आहे की पाण्याखाली. कुठल्या शाळेला आज उशिरा सुट्टी. कोणतं औषधाचं दुकान रविवारी उघडं. बसस्टँडवर किल्ल्यांचा जुडगा सापडलाय, त्याला लाकडी मासा अडकवलाय, ज्याचा असेल त्यानं घेऊन जावा. मधूनच एखादं गाणं. आणि मधल्या मधल्या फटीत मला दाबून ती माझ्याशी बोलायची.

"खोकल्या, बेकरीवाल्यानं आज पाव करपवला बघ. बायकोशी भांडला असणार."

"खोकल्या, माझी चप्पल तुटली. अनवाणी बसून मी लोकांना शुभ सकाळ म्हणतेय."

मग बोट उचलून, त्याच दमात, मधासारख्या आवाजात, "तर श्रोतेहो..." काय सफाई होती! तिचा नवरा गेला तेव्हा ती तेरा दिवसांनी कामावर परत आली. त्या सकाळी दोन गाण्यांच्या मध्ये तिनं मला दाबलं. नुसती दाबून बसली. तेही मी पोटात ठेवलं.

कौतुक म्हणाल तर तेही झालं. एकदा मोठ्या स्टेशनातले एक म्हातारे निवेदक पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मला दाबून पाहिलं आणि म्हणाले, "वा! आवाज न करता दबतं. असं बटण आता मिळत नाही." अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी मला कापसानं पुसलं. मी आठ दिवस हवेत होतो. पण कौतुकाचे दिवस थोडेच असतात. पुढे कुणी पुसेना. माझ्या कडेला पावाचा चुरा साठला, एकदा अंगावर चहा सांडला, मधला लाल रंग झिजून गुलाबी झाला. तरी दाबलं की खाली, सोडलं की वर. कामात खोट नाही.

मग एके दिवशी आमचं स्टेशन विकलं गेलं. कुठल्याशा कंपनीनं घेतलं. तिच्याकडे म्हणे अशी चौदा छोटी स्टेशनं होती. पाठोपाठ एक शब्द आला, फेररचना. मला आधी त्याचा अर्थच कळला नाही. मला वाटलं, खुर्च्याटेबलं हलवणार. नंतर कळलं की फेररचनेत खुर्च्या जागच्या जागी राहतात, माणसं तेवढी उठतात.

आधी फोनवाल्या काकू गेल्या. त्या वीस वर्षं दाराजवळच्या टेबलावर बसून गावाचे फोन घ्यायच्या. कंपनी म्हणाली, फोन काय, कुणीही उचलेल. मग बातम्या लिहिणारे गेले, मग हिशेबनीस, मग संध्याकाळचे दादा. दादांचा आवाज असा होता की भांडणारी मुलं गप्प बसावीत. जाताना त्यांनी माइकवरून हात फिरवला आणि मला एकदा दाबलं. नऊ माणसांचं स्टेशन, उरले दोघे. बाई आणि अण्णा. जिन्यावर पावलांचा आवाज इतका कमी झाला की बेकरीवाला खालून विचारायचा, आज सुट्टी आहे का वर?

आणि मग बाईला चिठ्ठी आली. आता मोठ्या शहरातून एकच आवाज सगळ्या चौदा स्टेशनांवर सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणार होता. आधीच बोलून ठेवलेला, डबाबंद. तो आवाज पकडणारी एक पेटी आमच्या स्टुडिओत बसणार होती. पेटीवर नजर ठेवायला अण्णा राहणार होते. बाईची गरज नव्हती.

चिठ्ठी वाचून बाईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी ती आणि तिचे सासरे, दोघंच. मामंजी म्हणायची ती त्यांना. मामंजी जुने शिंपी. आता डोळे अधू, डावा कान बंद. पण रोज सकाळी सात वाजता रेडिओ उजव्या कानाला चिकटवून बसायचे, सून बोलायला लागली की शेजाऱ्यांना हातानं गप्प करायचे. घर बाईच्या पगारावर चालायचं. त्याहून मोठी गोष्ट, मामंजींचा दिवस बाईच्या आवाजावर उगवायचा. बाईनं चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि घरी सांगितलंच नाही. आठ दिवस झाले, नववा उजाडला, तरी धीर होईना. रोज मला दाबून तेच. "आज सांगते रे खोकल्या. आज नक्की." आणि दुसऱ्या दिवशी, "नाही जमलं."

त्या नवव्या दिवशी पेटी आली. पेटीबरोबर कंपनीचा साहेब आला. चाळिशीचा, दमलेला, काखेत जाडजूड फाईल. आदल्या संध्याकाळी तो गावातल्या लॉजवर उतरला होता. पहाटे तिथे वीज नव्हती, चाचपडतच तयार होऊन आला असणार. सकाळी सहा वाजता तो अण्णांच्या डोक्यावर उभा राहिला. अण्णांनी टेबल उघडलं, पेटीची तार आत घ्यायला माझ्या दोन्ही तारा सोडवल्या, एक पिवळी, एक पांढरी. मित्रांनो, मी अण्णांचे हात बावीस वर्षं पाहतोय. ते हात कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी अडखळत होते. कसे नाही अडखळणार? बाईच्या पोटावर पाय देणारी पेटी तेच जोडत होते. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसायलाही थांबले नाहीत.

"किती वेळ, अण्णा?" साहेब म्हणाला.

"झालं. एकदा बटाटा म्हणून बघतो."

"काय म्हणून?"

"तपासून बघतो, साहेब."

"ते नंतर. आधी ऑफिसात चला. सह्या पुष्कळ आहेत."

आणि अण्णा उठले. बावीस वर्षांत पहिल्यांदा बटाटा न म्हणता उठले. मला आत काहीतरी वेगळंच वाटत होतं, अंगात उलटा कोट घातल्यासारखं. पण बटणाला तोंड नसतं. मी ओरडणार कसा?

सात वाजायला आले. बाई आली, खुर्चीत बसली. समोर कंपनीनं पाठवलेला कागद. शेवटचा कार्यक्रम सुरू करण्याआधी तिनं तो वाचायचा होता, खाली मंद धून वाजत असताना. बाहेर एवढं धुकं होतं की पुलाचा निम्मा भाग दिसत नव्हता. लाल दिवा लागला, धून सुरू झाली आणि बाई वाचू लागली.

"प्रिय श्रोतेहो, आपल्या सकाळच्या कार्यक्रमाचे स्वरूप उद्यापासून अधिक समृद्ध होत आहे..."

यातलं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. माझ्या तारा उलट्या लागल्या होत्या. मला सोडलं की माइक मुका आणि दाबलं की बोलका! बाईला पत्ताच नाही, कारण तिच्या हेडफोनमध्ये आवाज माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच जायचा. तिला वाटत होतं, सगळं ठीक चाललंय. गावात मात्र नुसती धून वाजत होती.

मग बाईला ठसका लागला. सवयीनं तिनं मला दाबलं. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गावानं बाईचा खोकला ऐकला. तोही खणखणीत.

मी लाजेनं अर्धा झालो. अहो, माझं एकच काम! पण ते नुसतं खोकल्यावर थांबलं नाही.

"खोकल्या, शब्द घशात अडकतात रे," ती मला दाबून म्हणाली. "समृद्ध म्हणे! समृद्ध कसलं? उद्या तिकडे शहरात बसून कुणीतरी सांगणार, आज हवा प्रसन्न आहे. आणि इथे पूल दिसत नाहीये धुक्यात. तो बघ, दूधवाला सायकल हातात धरून निघालाय. पलीकडून ट्रकचे दिवे येतायत, ट्रकवाल्याला हा दिसायचासुद्धा नाही. आता ह्यांना कोण सांगणार, जपून जा?"

बोट उचललं. कागदावरची पुढची ओळ. गावात धून. पुन्हा बोट माझ्यावर.

"आणि तो फाईलवाला साहेब पाहिलास? एका पायात निळा मोजा, एका पायात तपकिरी. चौदा स्टेशनांची फेररचना करत फिरतोय, स्वतःच्या पायांची तेवढी राहिली! जाऊ दे. बिचाऱ्याला घरी सांगणारं कुणी नसेल."

ऑफिसात भिंतीवर स्पीकर होता. त्याच्याखाली साहेब आणि अण्णा बसलेले. अण्णांना पहिल्या खोकल्यालाच कळलं होतं की काय घोळ झालाय. ते उठू लागले, तर साहेबानं हात वर केला. बसा. ऐकू द्या. मोजे आले तेव्हा त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं. हे सगळं अण्णांनी नंतर बाईला सांगितलं, म्हणून मला माहीत.

स्टुडिओत बाईनं कागदाची शेवटची ओळ वाचली आणि मला दाबून धरलं. या वेळी आवाज अगदी खाली गेला होता.

"मामंजींना कसं सांगू रे? आठ दिवस पर्समध्ये चिठ्ठी घेऊन फिरतेय. उद्या सकाळी ते रेडिओ कानाला लावतील आणि दुसराच कुणी बोलेल. त्यांना वाटेल, मलाच काही झालं. नोकरीचं काय, कुठेतरी भांडी घासेन. पण एकोणीस वर्षं बोलले रे मी. खरंच कुणी ऐकत होतं, का ह्या भिंतींशीच बडबडले, कोण जाणे."

मित्रांनो, एकोणीस वर्षं मी जे पोटात ठेवलं, ते त्या तीन मिनिटांत गावभर झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईची लाज गेली, आता साहेब तिला आजच्या आज हाकलणार, उरलेला पगारही देणार नाही, आणि सगळं माझ्यामुळे. मला फक्त एवढंच वाटत होतं.

अण्णा धावत आले. त्यांनी गाणं लावलं आणि धापा टाकत काय झालं ते सांगितलं. बाईनं हेडफोन काढून ठेवले.

"सगळं ऐकू गेलं?"

"सगळं."

"मोजे?"

"मोजेसुद्धा."

बाईनं डोक्यावर हात मारून घेतला. तेवढ्यात जिना दणाणला. बेकरीवाला, कोपरापर्यंत पीठ, दारात उभा. "पाव मी करपवतो ते मान्य. पण ही बाई गेली तर खाली भट्टी पेटणार नाही, सांगून ठेवतो!" कुणाला सांगून ठेवत होता कोण जाणे. सांगितलं आणि परत गेला, कारण भट्टीत पाव होता.

आणि फोन वाजायला लागला. ऑफिसातला एकुलता एक फोन. उचलणाऱ्या काकू तर फेररचनेत गेलेल्या. अण्णा स्टुडिओत गाण्यामागून गाणं लावण्यात अडकलेले. बाई खुर्चीत थिजलेली. राहिला कोण? साहेब! त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, कान खाजवला आणि शेवटी उचलला. ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. पुन्हा उचलला. असं दीड तास चाललं. स्टुडिओचं दार उघडं राहिलं होतं, त्यामुळे मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो, रेडिओ स्टेशन. नाही, बाई ठीक आहेत. हो, खोकला बरा आहे."

"मी? मी... हो, नवीन ऑपरेटरच समजा."

"दूधवाल्याची बायको का? पोचले ते? ट्रकवाल्यानं ऐकलं आणि हळू घेतलं? बरं झालं. सांगतो बाईंना."

"औषधाचं दुकान? जाहिरात काढून घेणार? जरा थांबा, लिहून घेतो."

"मोजेवाल्या साहेबाला? हो, हो, निरोप देतो. नक्की देतो. जसाच्या तसा."

त्रेसष्ट फोन घेतले त्यानं. फाईलच्या पाठीमागे एकेक लिहून काढला. शाळेच्या मोठ्या बाई, बसस्टँडवरचे कंट्रोलर, तो लाकडी माशाच्या किल्लीवाला. गंमत म्हणजे प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता, आम्ही रोज ऐकतो. एकोणीस वर्षांत हे कुणी बाईला सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नव्हतं. सूर्य उगवला म्हणून कुणी सूर्याला फोन करतं का?

साडेआठच्या सुमाराला साहेब स्टुडिओच्या दारात आला. चेहरा घामेजलेला, डावा कान लाल झालेला. आणि पायात मोजेच नव्हते. दोन्ही काढून खिशात घातले होते. बाई उठून उभी राहिली.

"साहेब, मी जे बोलले..."

"ते नंतर. तुमचा फोन आहे. मामंजी म्हणतायत."

ऑफिसातल्या फोनची एक जोडणी स्टुडिओत माझ्या शेजारीच असते, म्हणून पलीकडचा म्हातारा आवाजही मला ऐकू आला. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, ते एक बरं.

"सूनबाई!"

"मामंजी, मी सांगणारच होते..."

"मला काय काचेचा समजलीस? साठ वर्षं शिवणकाम केलं मी. कापड उसवलं तर पुन्हा शिवायचं असतं, लपवायचं नसतं. घरी ये, आपण बघू. उपाशी नाही राहणार आपण."

"हो, मामंजी." बाई रडत होती.

"आणि भिंतींशी बोललीस म्हणे. मी काय भिंत आहे?"

"नाही हो, मामंजी."

"मग झालं तर. आणि त्या साहेबाला म्हणावं, मोज्यांच्या आतून टाके घालून ठेव, निळ्या जोडीला एक, तपकिरीला दोन. अंधारातही बोटाला कळतं."

साहेबानं ते ऐकलं. दारातल्या दारात त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की काय, मला आधी कळेना. मग त्यानं बाईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "आजोबा, तो साहेब मीच. निळ्याला एक, तपकिरीला दोन, लक्षात ठेवतो." फोन ठेवून तो तिथेच स्टुलावर बसला आणि त्यानं मोठ्या शहरातल्या मोठ्या साहेबाचा नंबर फिरवला.

"नाही साहेब, इथे पेटी चालणार नाही. सकाळी तर नाहीच... कारण आज इथे पूल धुक्यात होता, आणि ते पेटीला माहीत नव्हतं... हो, जाहिरातदारही. बाईंच्या आवाजासाठी जाहिराती देतात ते... नाही, माझं डोकं ठिकाणावर आहे. दीड तास मी स्वतः फोन घेतलेत. आणि हो, फोनवाली बाई परत लागेल. हे कुणीही करू शकत नाही."

पलीकडून बराच वेळ घुमल्यासारखा आवाज येत राहिला. साहेब हं, हं करत राहिला. बाईनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. तिचं एक बोट माझ्यावर होतं, दाबत नव्हती, नुसतं टेकवलं होतं. ते थंडगार पडलं होतं.

साहेबानं फोन ठेवला. "सात ते दहा तुमचे, बाई. फोनवाल्या बाई परत येतील. बाकीचा दिवस पेटीचा. एवढंच मिळालं."

एवढंच! मित्रांनो, तुम्हाला सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. खरं म्हणजे मला जीव नाही आणि इथे भांडंही नव्हतं, तरी पडला. बाई मटकन खुर्चीत बसली आणि हसू लागली, हसता हसता रडू लागली, मग पुन्हा ठसका लागला. तिचा हात सवयीनं माझ्याकडे आला आणि ती दचकून मागे सरकली. ते बघून अण्णाही हसले. गाणं कधीच संपलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळचे दादा परत आले नाहीत. ते खरंच सांगायला हवं. बातम्या लिहिणारे दुसऱ्या गावी गेले. दहानंतर आमच्या खोल्यांत अजूनही फक्त पेटी बोलते आणि ऐकायला जड जातं. पण जे हातचं जाणार होतं, ते राहिलं.

दहा वाजेपर्यंत अण्णांनी गाणीच लावली, मग बाईनं विचारलंच. "अण्णा, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

अण्णांचा चेहरा पडला. "मुद्दाम? बावीस वर्षांत एक तार उलटी नाही लावली मी. पहिली चूक. बटाटा म्हटलं असतं तर सापडली असती." त्यांना बाईच्या नोकरीपेक्षाही त्या तारेचं जास्त लागलं होतं. ते साहेबापुढे जाऊन उभे राहिले आणि झाली चूक सांगून टाकली. साहेब फाईल काखेत मारत म्हणाला, "सरळ करा आत्ताच. माझ्या देखत. आणि ते जे काही म्हणता, ते म्हणा."

अण्णांनी आधी चष्मा पुसला. मग पिवळी तार पिवळ्याच्या जागी, पांढरी पांढऱ्याच्या जागी. मग, इतक्या वर्षांनी, कापूस घेऊन मला पुसलं, कडेचा पावाचा चुरा काढला. आणि वाकून म्हणाले, "हॅलो, हॅलो, बटाटा." दाबून एकदा. सोडून एकदा. साहेबानं स्पीकरकडे कान लावला होता. दाबलेला बटाटा आला नाही, सोडलेला आला. साहेबानंच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता बाईनं सांगितलं, पूल मोकळा आहे, धुकं नाही, किल्ल्या कुणाच्याही हरवलेल्या नाहीत. आवाज तोच, मधासारखा. दाराजवळच्या टेबलावर फोनवाल्या काकू बसल्या होत्या. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी, धून चालू असताना बाईनं मला दाबलं. जरा घाबरतच. मग हळूच म्हणाली, "सुटले रे बाबा, खोकल्या." आणि बराच वेळ सोडलं नाही. बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. पुढे ती आणखी काय काय बोलली, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. एकदा पोट फुटलं, तेवढं पुरे.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकेन असं नाही. स्प्रिंग सैल झालीय, कधी कधी वर यायला वेळ लागतो. मला अधूनमधून कापसानं पुसलंत तर बरं वाटेल, पण ते राहू द्या. एवढं करा. तुमच्या सकाळी कुणाचा तरी आवाज रोज न चुकता येत असेल. रेडिओवरून येत असेल, जिन्यावरून, नाहीतर शेजारच्या खोलीतून. तो ऐकू येतोय, एवढं त्या माणसाला आजच सांगून टाका. कुणाची तरी तार उलटी लागायची वाट बघू नका.